केरबा आबांचा रथ खोलला आणि जोडला त्याची हकिकत

श्री कुलदैवत, श्री ग्रामदैवत, आणि बंद पडल्या गाडीस वेळीं अवेळीं धक्का देणारे समस्त सज्जन, यांस दंडवत घालून लेखनास आरंभ केला असे. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, पौष मासीं ही हकिकत घडूं लागली. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण राज्यांतील भाऊबंद हयात आहेत आणि सर्वांस वाचतां येतें. इतकेंच लिहितों कीं राज्य नदीकांठचें, उंसाचें आणि गुळाचें, आणि राज्याचे मूळ पुरुष केरबा आबा. आबांनीं भर जवानींत गुऱ्हाळ घातलें, आणि गूळ पेठेस न्यावयास एक पिकअप गाडी आणिली, तीस राज्यांत रथ म्हणत. पुढें केबिन, मागें फळ्यांचा हौदा, आणि हौद्यांत गुळाच्या ढेपा रचून आबांची स्वारी पहांटे निघे, आणि बॉनेटावर थाप मारून आबा म्हणत, चल बाई, आणि मग ती चाले. थाप न मारतां ती चालल्याचें कोणी पाहिलें नाहीं. आबांस पुत्र तीन जाहले. थोरले हिंदुराव, मधले बजरंगराव, धाकटे शामराव. हा मजकूर लिहिणार सेवक हिंदुरावांचा पुत्र, आबांचा नातू, पुण्यास संगणकाच्या चाकरीस असतो, आणि खिळा ठोकावयास घेतला तर बहुधा आंगठ्यावर ठोकतो. त्याची करणी पुढें येईलच.

पुढें आजीसाहेब वारल्या, गुऱ्हाळ मोडलें, आणि तिघां बंधूंनीं वाटणी मागितली. पंच बसले. जमीन वाटली, बैल वाटले, पातेलीं वाटलीं, परातीही वाटल्या, आणि मग रथ राहिला. पंच बोलिले कीं, एकानें ठेवावा. ऐसियास एकानें ठेवावा हें तिघांसही मान्य, मात्र तो एक कोण याविषयीं एकमत होईना. मग हिंदुराव बोलिले कीं, समान म्हणजे समान, आणि हें वचन बाकीच्या दोघांस इतकें रुचलें कीं तेच दिवशीं दस्तगीर मिस्त्रीस बोलावून रथ खोलविला. इंजिन थोरल्यांस आलें, तें त्यांनीं विहिरीवर पाणी उपसावयास बसविलें. सांगाडा, चाकें आणि हौदा मधल्यांस आले. सांगाडा व चाकें त्यांनीं गोठ्यामागें झांकून ठेविलीं, आणि हौद्यांत कोंबड्या पाळिल्या. केबिन धाकट्यांस आली, ती त्यांनीं शेतांत टेंकाडावर नेऊन राखणीस ठेविली. दुसऱ्या राज्यांत ऐसें घडल्याचें ऐकिवांत नाहीं, परंतु आमचे राज्यांत तिघेही त्या रात्रीं समाधानानें जेवले.

पंच उठूं लागले तों ध्यानांत आलें कीं आबा राहिले. आबा ओसरीवरच बसले होते. आतां आबांस खोलतां येईना, म्हणून महिने वाटले. शिमग्यापासून आखाडापर्यंत थोरल्यांकडे, आखाडापासून दिवाळीपर्यंत मधल्यांकडे, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत धाकट्यांकडे. तिन्ही घरें एकाच खळ्याभोंवतीं, एका घरीं फोडणी दिली तर तिन्ही घरीं ठसका लागावा इतकीं जवळ. तरी पाळी बदलावयाचे दिवशीं आबांची पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन खळें ओलांडीत, आणि मागून आबा चालत. पाळी नसतां आबांनीं भलत्या घरीं चहा घेतला, तर त्याचा बोभाटा होऊन दोन दिवस अबोला चाले. या सर्व गडबडींत रथाची चावी कोणाच्याच वाटणीस आली नाहीं. कोणी विचारिलीही नाहीं. ऐसीं कित्येक वर्षें लोटलीं.

तर त्या पौष मासीं सेवक सुटीवर राज्यांत आला, आणि हुरडा खावा या थोर हेतूनें धाकट्या चुलत्यांचे शेतीं गेला. पाहातो तों टेंकाडावर केबिन, आणि केबिनींत आबा, दोन्ही हात स्टेअरिंगावर. सभोंवार जोंधळ्यावर पाखरें यथेच्छ भोजन करीत आहेत, आणि आबा त्यांकडे न पाहातां समोर पाहात आहेत. सेवकानें विचारिलें, आबा, राखण करतायसा व्हय?

आबा म्हणाले, "न्हाई रं. पेठंला निघालोय."

आणि हांसले, परंतु हात स्टेअरिंगावरून काढिले नाहींत. मग म्हणाले, "इंजिन हिरीवर, हौद्यात कोंबड्या, आनि मी हितं. ह्यात बसून एकदा पेठंला जायाचं हाय मला. मग काय बी करा."

सेवकास गहिंवर आला. गहिंवर आला म्हणजे सेवक विचार करीत नाहीं, हा त्याचा जुना स्वभाव. त्यानें तेथेंच शपथ घेतली कीं रथ पुन्हां जोडीन, आबांस पेठेस नेईन, आणि हा रथ पिढ्यानुपिढ्या कुळांत राखीन. मग त्यानें मोबाइलावर परमुलुखीचे लोक जुन्या गाड्या दुरुस्त करितात त्यांची चलच्चित्रें तीन रात्रीं जागून पाहिलीं, आणि डोळ्यांस लावावयाचा चष्मा, हातमोजे, निळा अंगरखा आणि दोन चकचकीत दिवे मागविले. दिवे आले ते बहुत सुंदर होते. ते रथास बसेनात, म्हणून आजमितीस देव्हाऱ्याशेजारीं ठेविले आहेत.

मग मोहीम निघाली. प्रथम स्वगृहीं, म्हणजे पित्याकडे. हिंदुराव ऐकतांच बोलिले कीं, इंजिन कोठून देऊं, ऊंस उभा आहे, लाईट रात्रीची येते आणि येते तीही रुसून येते, आणि आबांस पेठेस जावयाचें तर एसटी आहे. सेवकानें वारसा, कुळाचा अभिमान, ऐतिहासिक ठेवा ऐसे मोठाले शब्द काढिले. त्यावर हिंदुराव म्हणाले कीं, पुण्यास हेंच शिकवितात काय. सेवकाचा पराभव होऊन तो माघारी फिरणार, तों मातोश्री वत्सलाबाई भाकरी थापतांथापतां इतकेंच बोलिल्या कीं, मामंजींनीं आजवर कोणाकडे कांहीं मागितलें नाहीं. दुसरे दिवशीं सकाळीं हिंदुरावांनीं तह कबूल केला. शर्त एक, इंजिन फक्त शिमग्याचे सणास मिळेल, दुसरे दिवशीं सकाळीं तें विहिरीवर परत पाहिजे.

तेथून सेवक फौजेनिशीं, म्हणजे दस्तगीर मिस्त्री आणि चहाची किटली घेऊन, मधल्या चुलत्यांवर चालून गेला. बजरंगराव म्हणाले, थोरल्यांनीं एक दिवस दिला तर मीही एक दिवस देतों, त्याहून कमी नाहीं आणि अधिकही नाहीं. मग हौद्यापाशीं गेले तों काकी अक्काताई आडव्या उभ्या. हौद्यांत काळी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, अंड्यांवर बसली होती. अक्काताईंनीं स्पष्ट सांगितलें कीं, पिलें निघाल्यावांचून हौदा हलणार नाहीं, आणि हलविला तर मोहीम करणारांनीं स्वतः अंडीं उबवावीं. मिस्त्रीनें सेवकाकडे पाहिलें, सेवकानें तलंगेकडे पाहिलें, आणि तलंगेनें ऐसें पाहिलें कीं वेढा उठवावा लागला. सेवकाची रजा संपत आली होती. त्यानें कचेरीस कळविलें कीं, घरीं प्रसूति आहे, येणें होत नाहीं. कचेरींतील लोक सज्जन, त्यांनीं अभिनंदनाचे निरोप पाठविले.

तो अवकाश साधून तिसरी स्वारी धाकट्यांवर केली. शामराव गोड बोलणारे. म्हणाले, केबिन न्या, एका दिवसाच्या बोलीनें न्या, परंतु तोंवर पाखरें कोणी हाकावीं? सेवक म्हणाला कीं, आबा असतांनाही पाखरें खातच होतीं. शामराव म्हणाले, तीं आबांनीं खाऊं दिलेलीं पाखरें, त्यांचें वेगळें. मग सेवकानें राखणीची जामिनकी स्वतः पत्करिली. मग रोज सकाळीं निळा अंगरखा आणि चष्मा घालून हा संगणक-पंडित गोफण घेऊन जोंधळ्यांत उभा राही. पहिल्या दिवशीं पाखरें किंचित् दबकलीं. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं ओळखलें. गोफणीचा पहिला धोंडा सेवकाच्याच पाठींत बसला, दुसरा शामरावांच्या पाण्याच्या माठांत, आणि तिसरा त्यांनीं मारूं दिला नाहीं.

माघांत पिलें निघालीं. तलंग पिलांनिशीं मानानें उतरली, आणि सर्व भाग खळ्यावर आणिले. मग जोडणी सुरू जाहली. चलच्चित्रांत पाहिलेलें सर्व सेवक मिस्त्रीस सांगे, मिस्त्री मान डोलवी, आणि सेवक चहा आणावयास गेला कीं काम पुढें सरके. मिस्त्री एकदांच म्हणाला कीं, ही गाडी मींच खोलली, तेव्हां दिवसभरांत खोलली होती. जोडावयास इतके दिवस कां, ऐसें कोणी विचारिलें नाहीं. हौद्याच्या फळ्या खरवडल्या तों फटींतून जुना गूळ निघाला, काळा, दगड जाहलेला, आणि दुसरे दिवशीं तिन्ही घरच्या मुंग्या हौद्यावर चालून आल्या. सेवकानें शहरांतून आणिलेला भारी रंग तशाच घाईनें मारिला, त्यांत कित्येक मुंग्या कायमच्या राहिल्या. अद्याप हात फिरविला तर लागतात.

रंगावरून तर युद्धच व्हावयाचें. हिंदुराव म्हणाले, इंजिन माझें, बॉनेट हिरवें. शामराव म्हणाले, केबिन माझी, ती लाल. बजरंगराव म्हणाले, हौदा निळा, आणि ज्यास निळा नको त्यानें हौद्यावांचून जावें. कोणी माघार घेईना, आणि रथ तिरंगी झाला, पोपटासारखा. मग पाटी रंगविणारा आला आणि त्यानें विचारिलें कीं, मागील फळीवर काय लिहूं? तेव्हां सेवकानें डोळे मिटून घेतले, कारण आतां काठ्या निघणार ऐसें त्यास वाटलें. परंतु आश्चर्य वर्तलें. तिघेही बंधू एका तोंडें बोलिले कीं, लिही, वडिलांची पुण्याई. वाटणीनंतर तिघांचें एकमत जाहलें तें हें पहिलें. पाटीवाल्यानें पिवळ्या अक्षरांनीं लिहिलें, वेलबुट्टी काढिली, आणि तिघे बंधू छाती काढून पाहात राहिले. आबा त्या वेळीं धाकट्यांचे ओसरीवर बसून सुपारी कातरीत होते.

शिमग्याचा दिवस आला. खळ्यावर होळी रचलेली, घरोघरीं पुरण शिजलेलें, आणि रथास हार घातलेला. दस्तगीर मिस्त्री स्टेअरिंगावर बसला आणि म्हणाला, चावी द्या. हिंदुरावांनीं बजरंगरावांकडे पाहिलें, बजरंगरावांनीं शामरावांकडे, आणि शामरावांनीं पुन्हां थोरल्यांकडे. प्रत्येकास इतकीं वर्षें खात्री होती कीं चावी दुसऱ्यानें दाबली. कलह पेटणार तों आबांनीं सदरा वर केला आणि करदोट्यास बांधिलेली चावी सोडून मिस्त्रीचे हातीं दिली. मग हँडल मारावयाचा मान सेवकानें मागून घेतला. पहिल्या फटक्यास हँडल उलट फिरलें आणि सेवक होळीच्या गोवऱ्यांवर जाऊन बसला. मग मिस्त्रीनें मारिलें, इंजिन गुरगुरलें आणि थांबलें, पुन्हां गुरगुरलें आणि थांबलें. तेव्हां आबा सावकाश उठून आले, बॉनेटावर थाप मारिली आणि म्हणाले, चल बाई. आणि ती चालली. सेवक हें शपथेवर लिहितो.

आबा मिस्त्रीशेजारीं बसले. तिघे बंधू आणि सेवक हौद्यांत उभे राहिले. इतके जवळ ते तिघे कित्येक वर्षांत उभे राहिले नव्हते, आणि खड्डा आला कीं एकमेकांचे दंड धरीत, सडक सरळ लागली कीं सोडीत. ऊन चढलें तसा फळ्यांतून गुळाचा वास उठला. बजरंगराव म्हणाले, लहानपणीं आम्ही तिघे ढेपांवर निजून पेठेस जात होतों. शामराव म्हणाले, तूं मला मध्यें निजवीत होतास. पेठेंत आबांस ओळखणारें कोणी उरलें नव्हतें. तरी आबांनीं वजनकांट्यापाशीं रथ उभा करविला, उतरून सर्वांस चहा पाजला, आणि रथाभोंवतीं एक फेरी घातली. मागच्या फळीपाशीं थांबून त्यांनीं एका हमालास विचारिलें कीं, काय लिहिलें आहे? डोळ्यांस आतां अक्षर लागत नव्हतें. हमालानें वाचून दाखविलें. आबांनीं विचारिलें, कोणी लिवलं? तिघेही पुढें होऊन म्हणाले, आम्ही. आबा बरं म्हणाले आणि गाडींत बसले.

दिवस मावळतां रथ खळ्यावर आला. बायका ओंवाळावयास आल्या. धाकट्यांचे दारीं आबांची ट्रंक बांधून ठेविलेली होती, कारण आज पाळी बदलावयाची. हौद्यांतून सर्व उतरले. आबा उतरेनात. मिस्त्रीनें दार उघडून धरिलें, तरी उतरेनात. हिंदुराव खिडकीपाशीं गेले आणि म्हणाले, आबा, चला.

आबा म्हणाले, "मला कुटं उतरवायचं ठरलंय?"

हिंदुराव म्हणाले कीं, आज शिमगा, पाळी आमची. आबांनीं विचारिलें, आनि गाडीचं काय? हिंदुराव खालीं पाहूं लागले, बजरंगराव होळीकडे, शामराव आभाळाकडे. शेवटीं मिस्त्रीच बोलिला कीं, सकाळीं खोलायची आहे, तसें ठरलें आहे.

आबांनीं मान डोलविली. रागावले नाहींत, हेंच अवघड. म्हणाले, "मग उद्या जरा माझ्याकडं बी बघ मिस्त्री. मागल्या टायमाला मला तेवढं खोलायचं ऱ्हायलं."

खळ्यावर एवढी माणसें, परंतु अक्काताईंची तलंग तेवढी बोलत होती. वत्सलाबाईंनीं पदर तोंडास लाविला. सेवकास त्या क्षणीं पिवळीं अक्षरें दिसत होतीं आणि तीं न दिसतीं तर बरें, ऐसें वाटत होतें. रथाच्या खिळ्याखिळ्याची चौकशी करणाऱ्या या शहाण्यानें खळें ओलांडणारी ती ट्रंक लहानपणापासून पाहिली होती, आणि ती त्यास देवळाच्या घंटेइतकी सवयीची होती. मग हिंदुराव, जे कधीं बापाशीं सरळ बोलिले नाहींत, त्यांनीं खिडकींतून आबांच्या हातावर हात ठेविला.

"आबा, आमच्यात उतरा. आखाडात कुटं जायाचं न्हाई. गाडी बी ऱ्हाईल."

आणि मग शामराव कांहीं बोलणार, इतक्यांत बजरंगराव पुढें आले. एवढा धिप्पाड गडी, परंतु स्वर लहान मुलाचा जाहला होता. म्हणाले, "मग आखाडात आमी काय करायचं?"

आबांनीं त्यांजकडे पाहिलें. मग म्हणाले, "तुमी येत जावा. आता पाळी तुमची."

आणि उतरले. उतरण्यापूर्वीं चावी काढून घेतली आणि करदोट्यास बांधिली. ट्रंक त्या दिवशीं तिघां बंधूंनीं मिळून उचलली. वास्तविक ती एका मुलासही उचलावी इतकी हलकी, दोन धोतरें, एक घोंगडी आणि अडकित्ता, परंतु तिघे घामाघूम होऊन आले.

सारांश इतका. रथ खोलला गेला नाहीं. विहिरीवर विजेची मोटर बसली आणि उंसास पाणी लाईटीच्या मर्जीनें मिळतें. कोंबड्यांस नवें घर जाहलें, तें काळ्या तलंगेस पसंत नाहीं. शामरावांचा जोंधळा पाखरांनीं खाल्ला, त्याचें खापर सेवकावर फुटलें, आणि तें रास्त आहे. बजरंगराव पाळी असतां येतात आणि नसतांही येतात, चहा घेतात, आणि बोभाटा होत नाहीं. सेवक चाकरीवर रुजू जाहला तेव्हां कचेरींत विचारपूस झाली, त्यानें सांगितलें कीं, सर्व सुखरूप, पिलें बरींच जाहलीं. निघण्यापूर्वीं त्यानें आबांस विचारून पाहिलें होतें कीं, वारसा म्हणून ती चावी मजकडे द्यावी काय. आबांनीं करदोटा चांचपला आणि म्हणाले कीं, ती वाटणीत न्हाई. येणेंप्रमाणें लेखनसीमा जाहली असे.